बाण घडवणे (ताम्रयुगीन आल्प्स)

काडी, पिसे, दगडी टोक, दोरा आणि चिकट डांबर एवढ्याच नैसर्गिक साहित्यातून हाताने बाण तयार करण्याची प्राचीन कला. तिचा सर्वांत बोलका पुरावा आल्प्समध्ये मिळाला. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया-इटली सीमेजवळ, सुमारे ३,२१० मीटर उंचीवर, बर्फात ‘ओट्झी’ या पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाचे शव सापडले. त्याच्या चामडी भात्यात १४ बाण होते. त्यांतले फक्त दोन पूर्ण आणि तेही मोडलेले. उरलेले १२ अर्धवट. अभ्यासकाला हे अर्धवट बाणच जास्त मोलाचे, कारण पूर्ण बाणात लपलेले काम त्यांत उघडे दिसते.

बाण म्हटले की लक्ष टोकाकडे जाते. खरी कसोटी मात्र काडीची असते. संस्कृतात ‘शर’ हा शब्द बोरूसारख्या गवतालाही आहे आणि बाणालाही, ते उगीच नाही. ओट्झीच्या काड्या व्हायबर्नम या झुडपाच्या सरळ फांद्यांच्या, सुमारे ८५ सेंमी लांबीच्या आहेत. अशी फांदी सोलून वाळवायची आणि वाक राहिलाच तर निखाऱ्यावर शेकत हाताने सरळ करायची. सुटताना बाण किंचित लवतो आणि धनुष्याला वळसा घालून पुढे जातो. काडी फार लवचीक किंवा फार ताठ असली तर नेम चुकतो.

पिसे बसवणे हे सर्वांत नाजूक काम. पिसाचा मधला दांडा उभा चिरून अर्धे पीस घेतात. अशी तीन अर्धी पिसे काडीच्या मागच्या टोकाजवळ सारख्या अंतरावर लावतात. तिन्ही एकाच बाजूच्या पंखांतली हवीत. डाव्या-उजव्यांची बाक उलट असते, त्यामुळे सरमिसळ झाली की बाण डगमगतो. ओट्झीच्या बाणांवर पिसे भूर्जाच्या सालीच्या डांबराने चिकटवून वर नेटल या खाजऱ्या झुडपाच्या तंतूंचा बारीक दोरा गुंडाळलेला आहे. वेढे पिसाच्या केसांमधून जातात. पीस दबू न देता दोरा आवळायचा, यात हाताची सफाई दिसते.

हे डांबर म्हणजे झाडाचा आयता डिंक नव्हे. हवा लागू न देता साल तापवली की ते काळे, चिकट होऊन निघते. गरम असताना मऊ, गार झाल्यावर घट्ट. (आपल्या भूर्जपत्राचे झाड याच कुळातले.) चकमकीच्या दगडाची टोकेही त्यानेच बसवलेली आहेत. शिंगाच्या टोकाने दाब देत दगडाच्या कडेची बारीक कपची उडवून ही टोके धारदार करीत.

ओट्झीचे सुमारे १.८२ मीटर लांबीचे यू वृक्षाचे धनुष्यही अपुरेच होते. २००१ मध्ये क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात चकमकीचे एक बाणाग्र रुतलेले आढळले. त्या बाणाची काडी मात्र जखमेत नव्हती.