हृदयाच्या पडद्यात नसलेली छिद्रं

शाळेच्या पुस्तकातलं हृदय निम्मं निळं आणि निम्मं लाल असतं. चार कप्पे, मधे पडदा आणि बाण. वरच्या कप्प्यांना कुणी अलिंद म्हणायला शिकलं, कुणी कर्णिका. खालच्यांना कुणी निलय, कुणी जवनिका. नावं पिढीगणिक बदलली, बाण तेच राहिले. शरीरभर फिरून आलेलं रक्त उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसांत जातं, डाव्या बाजूला परततं आणि महाधमनीतून पुन्हा शरीरभर निघतं. यातले कप्पे, झडपा, नळ्या माणसाला फार पूर्वीच दिसल्या होत्या. बाण मात्र १६२८ पर्यंत बहुतेकांच्या डोक्यात चुकीचेच होते.

इजिप्तमध्ये ममी करताना मेंदू नाकावाटे काढून टाकत आणि हृदय जागच्या जागी ठेवत. इ.स.पू. १५५० च्या सुमारास लिहिलेल्या एबर्स पपायरसमध्ये हृदयापासून सगळ्या अवयवांकडे नळ्या जातात असं म्हटलं आहे. सुश्रुताने हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळाची उपमा दिली. माणूस जागा असताना ते उमलतं, झोपला की मिटतं. या उपमेतून रक्ताभिसरणाचा शोध काढून दाखवणारं लिखाण अधूनमधून वाचायला मिळतं. आकाराचं निरीक्षण सुरेख आहे, पण रक्त फिरून परत येतं असं त्या श्लोकात कुठेही नाही. अ‍ॅरिस्टॉटलने कोंबडीची अंडी रोज एक अशी फोडून पाहिली, तेव्हा तिसऱ्या दिवशी पांढऱ्या बलकात रक्ताचा एक ठिपका उडताना दिसला. सगळ्यात आधी जिवंत होतं ते हृदय, म्हणून बुद्धीही तिथेच, असं त्याने ठरवलं. कप्पे मात्र त्याने तीनच मोजले.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात एरासिस्ट्रेटसने झडपा नीट पाहिल्या आणि त्या एकाच दिशेला उघडतात हेही ओळखलं. पण धमन्यांमध्ये हवा असते असं त्याचं मत होतं. हसण्यावारी नेण्यासारखं हे मत नाही. मेल्यानंतर धमन्यांच्या स्नायुमय भिंती आक्रसतात, रक्त शिरांमध्ये ढकललं जातं आणि प्रेत उघडल्यावर धमन्या खरोखरच रिकाम्या दिसतात. त्याने जे पाहिलं तेच लिहिलं.

ही चूक गेलनने सुधारली. दुसऱ्या शतकातला हा वैद्य आधी ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवायचा, पुढे रोमच्या सम्राटांचा वैद्य झाला. जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी बांधून मधे चिरली की आत रक्तच सापडतं, हे त्याने दाखवून दिलं. मात्र त्याच्या मते अन्नापासून रक्त तयार व्हायचं यकृतात, शिरांमधून ते अवयवांकडे जायचं आणि तिथे जिरून संपायचं. शेतात सोडलेलं पाटाचं पाणी जसं परत विहिरीत येत नाही, तसंच. राहिला एक प्रश्न: डाव्या बाजूला रक्त येतं कुठून? गेलनने उत्तर दिलं, मधल्या पडद्यातल्या बारीक छिद्रांतून पाझरतं.

निलयांमधला पडदा आतून गुळगुळीत नसतो. स्नायूंच्या दोरखंडांसारख्या उंचवट्यांमधे खोल खळगे असतात, त्यात सळई घातली तर ती बरीच आत जाते. पलीकडे मात्र निघत नाही. गेलनने खळगे पाहिले आणि पलीकडचं तोंड गृहीत धरलं. पुढची जवळजवळ चौदाशे वर्षं विद्यार्थी त्याच पडद्याकडे पाहत राहिले आणि नसलेली छिद्रं त्यांना ‘दिसत’ राहिली. न दिसल्यास दोष आपल्या डोळ्यांचा!

पहिला स्पष्ट नकार कैरोतून आला. दमास्कसजवळ जन्मलेल्या इब्न अल्-नफीस या वैद्याने १२४२ मध्ये, आधीचा थोर वैद्य इब्न सिना याच्या शरीररचनेवरच्या लिखाणावर भाष्य लिहिताना, हा पडदा घट्ट आहे आणि त्यात उघडं किंवा छुपं कसलंही छिद्र नाही असं नमूद केलं. मग रक्ताला वाट उरते एकच, फुप्फुसांतून. युक्तिवाद चोख होता, पण युरोपच्या शरीरशास्त्रज्ञांच्या चर्चेत तो आलाच नाही. १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनमध्ये त्याची हस्तलिखित प्रत सापडली, तेव्हा कुठे आधुनिक जगाला ही गोष्ट कळली.

युरोपात तोच नकार हळूहळू उमटला. व्हेसॅलियस या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ च्या ग्रंथात आधी खोचकपणे कौतुक केलं, की न दिसणाऱ्या छिद्रांतून रक्त पाझरवणाऱ्या निर्मात्याची कमाल आहे. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची शंका जास्त उघड झाली. मायकेल सर्व्हेटसने फुप्फुसांतला मार्ग सांगितला तो धर्मशास्त्राच्या पुस्तकात. १५५३ मध्ये जिनिव्हात त्याला पुस्तकासकट जाळलं, अर्थात हृदयामुळे नव्हे, धर्ममतांमुळे. १५५९ मध्ये रेआल्दो कोलंबोचं पुस्तक आलं. फुप्फुसाकडून डाव्या बाजूला येणाऱ्या शिरेत हवा नसून रक्त असतं, हे त्याने जिवंत प्राणी उघडून पाहिलं होतं.

एवढं होऊनही पाटाचं पाणी पाटातच होतं. रक्त फुप्फुसांतून जातं हे मान्य केलं, तरी ते पुढे कुठे जातं? अवयवांत जिरतं, हेच उत्तर कायम होतं.

विल्यम हार्वीने हा प्रश्न आकडेमोडीने सोडवला. हा इंग्रज तरुण पादुआत शिकला. त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांमधल्या झडपांवर १६०३ मध्ये पुस्तक काढलं, पण त्यांच्या मते त्या झडपा रक्ताचा वेग कमी करण्यापुरत्या होत्या, म्हणजे सगळं रक्त पायात साचू नये म्हणून. हार्वीच्या लक्षात आलं, की सगळ्या झडपांची तोंडं हृदयाकडे आहेत. मानेतल्या शिरांमध्येही! तिथे तर रक्त आपोआप खाली येतं. ते खाली साचू नये म्हणून झडपा असत्या तर इथे त्यांची दिशा उलटी हवी होती.

मग हिशोब. प्रेताच्या डाव्या निलयात त्याला दोन औंसांहून जास्त रक्त सापडलं होतं. त्याने मुद्दाम कंजूषपणा केला: समजा, एका ठोक्याला अर्धाच औंस बाहेर पडतो. अर्ध्या तासात ठोके हजारावर होतात. म्हणजे पाचशे औंस, आजच्या मापात चौदा-पंधरा किलो. एवढं रक्त अर्ध्या तासात यकृत बनवणार कशातून, आणि अवयव जिरवणार कुठे? मेंढीच्या अख्ख्या अंगात चार पौंडांहून जास्त रक्त नसतं, हेही त्याने मोजून ठेवलं होतं. आकडा इतका कमी धरूनही जुना सिद्धांत कोसळत होता. रक्त तेच आहे आणि ते फिरून परत येतं, याखेरीज दुसरं काही संभवतच नव्हतं. आज आपण म्हणतो, की विश्रांतीत हृदय ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. शरीरातलं एकूण रक्तही साधारण तेवढंच. हार्वीचा आकडा बराच कमी होता, निष्कर्ष अचूक होता.

त्याचा हाताचा प्रयोग आजही कुणालाही करून पाहता येतो. दंडावर फडकं जरा आवळून बांधायचं. शिरा फुगतात, मधेमधे गाठीसारखे उंचवटे दिसतात. तिथे झडपा आहेत. एका गाठीच्या खाली, मनगटाच्या बाजूला, शिरेवर बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने रक्त गाठीपलीकडे सारायचं. मधला तुकडा रिकामाच राहतो. रक्त उलटं खाली आणायचा प्रयत्न केला तर गाठ आणखी फुगते, रक्त खाली उतरत नाही. खालचं बोट उचललं की तुकडा लगेच भरतो, आणि भरतो तो मनगटाकडून.

हे सगळं सांगणारं हार्वीचं ७२ पानांचं पुस्तक १६२८ मध्ये फ्रँकफुर्टला छापलं गेलं. त्यात हार्वी कबूल करतो, की हृदयाची हालचाल एवढी झटपट होते, की ती फक्त देवालाच कळत असावी असं आधी त्याला वाटलं होतं. उपाय त्याने थंड रक्ताच्या प्राण्यांत शोधला. साप, बेडूक, मासे यांची हृदयं सावकाश चालतात, त्यामुळे आधी अलिंद मग निलय हा क्रम डोळ्यांनी टिपता येतो. बरीच वर्षं गेल्यावर त्याच्यापुढे एक माणूसच आला. आयर्लंडमधल्या एका उमरावाचा हा मुलगा लहानपणी पडला होता, डाव्या बरगड्या मोडल्या होत्या, पू होऊन भोक पडलं होतं आणि ते कधी पुरतं बुजलंच नाही. धातूच्या पत्र्याने ते झाकून तो ठणठणीत हिंडत होता. हार्वीने त्याला राजा पहिल्या चार्ल्सकडे नेलं. दोघांनी त्या भोकातून चालतं हृदय पाहिलं. बोट लावलं तरी त्या तरुणाला काही जाणवलं नाही. सगळ्या भावनांचं घर मानलेल्या अवयवाला साधा स्पर्शही कळत नव्हता.

एक दुवा हार्वीच्या हाती लागला नाही. धमन्यांतून शिरांमध्ये रक्त नेमकं शिरतं कुठून? तो वारला १६५७ मध्ये. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. दाबाचं मोजमाप प्रसिद्ध व्हायला मात्र १७३३ उजाडलं. स्टीफन हेल्स या पाद्र्याने एका घोडीच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी बसवून तिला नऊ फुटी काचेची नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलं. वाचताना अंगावर काटा येतो, पण रक्तदाबाचा हा पहिला प्रत्यक्ष आकडा होता.

रक्ताचा रस्ता कळला, पण ठोक्याचा हुकूम कोण देतं? छातीतून काढलेलं हृदयही थोडा वेळ धडधडत राहतं हे गेलनलाही माहीत होतं. मेंदूकडून येणारा मज्जातंतू उत्तेजित केला तर हृदय मंदावतं, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवलं. म्हणजे बाहेरचे मज्जातंतू वेग बदलतात, सुरुवात आतूनच होते. पण आत कुठून? पुर्किन्येने १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयात वेगळे दिसणारे तंतू टिपले होते, पण ते कशासाठी आहेत हे त्याला कळलं नाही. जर्मनीत शिकायला गेलेल्या जपानी डॉक्टर सुनाओ तावाराने १९०६ मध्ये अलिंद-निलयांच्या सीमेवर एक गाठ शोधली आणि ते तंतू तिचीच फांद्याफांद्यांची शेवटची टोकं आहेत हे दाखवलं.

त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आर्थर कीथ बायकोबरोबर सायकलवर फिरायला गेले होते. मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्या घरी बसून चिचुंदरीसारख्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. कीथ परतले तेव्हा त्याने उजव्या अलिंदात, वरची महाशिरा जिथे शिरते तिथे, एक विलक्षण रचना दाखवली. तावाराच्या गाठीशी तिचं साम्य कीथना लगेच ओळखू आलं. ठोका उगम पावतो ती ही जागा. १९०७ मध्ये दोघांनी ती प्रसिद्ध केली. दरम्यान आइंथोव्हेनने चांदीचा मुलामा दिलेल्या क्वार्ट्झच्या तंतूवर हृदयाची वीज टिपणारं यंत्र उभं केलं होतं. वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच जण, आणि रोगी हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसलेला. त्याने आलेखातल्या लाटांना दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आजच्या ईसीजीच्या कागदावर तशीच आहेत.

त्यानंतरही हृदयाने माणसाला चकवलं. १९८१ मध्ये अदोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांना भराभर लघवी होऊ लागली. पंप म्हणून ओळखलेला अवयव संप्रेरकही बनवत होता. आणि २००९ मध्ये, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएत किती उतरला आहे हे मोजून, स्वीडनमधल्या संशोधकांनी हृदयाच्या स्नायुपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत जेमतेम ०.४५ टक्के. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडणाऱ्या निम्म्याहून जास्त स्नायुपेशी लहानपणापासूनच्या त्याच असतात.