चार इंची भिंत म्हणजे बिनधास्त पाडा?

‘चार इंची आहे ना, मग पाडा बिनधास्त, भार नऊ इंचीवरच असतो’ हे कंत्राटदारांचं आवडतं वाक्य. आरसीसी कॉलम-बीमच्या, म्हणजे सळई-काँक्रीटचे खांब आणि तुळया भार पेलतात अशा इमारतीत ते बहुतेकदा खपून जातं. पण मायवान पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या टॉवरमध्ये भिंतीच काँक्रीटच्या. जाडी जेमतेम चार-सहा इंच, तरी भार त्यांच्यावरच. ड्रिल मारताना राखाडी पूड आली आणि बिट सळईवर अडकलं, की तिथेच थांबा. लाल भुकटी दिसली म्हणूनही हुरळू नका: जुन्या, बिनकॉलमच्या इमारतीत विटाच स्लॅब पेलतात. त्यामुळे आधी मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय. शिवाय सोसायटीची एनओसी म्हणजे पालिकेची परवानगी नव्हे. भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावायचा तर दोन्ही हवं, सेक्रेटरी कितीही ओळखीचा असो.