ड्रायव्हर की अंडरकव्हर? टोळीत शिरलेल्या पोलिसाचे दोन गेम

‘तो आयफोनवरचा गाडीचा गेम, ज्यात हिरो पोलीसच असतो पण गुंडांसाठी गाडी चालवतो’, एवढ्या वर्णनावर दोन गेम बसतात: ‘ड्रायव्हर’ आणि ‘नीड फॉर स्पीड अंडरकव्हर’. दोन्ही आयफोनवर २००९ मध्येच आले, त्यामुळे घोळ आणखी वाढला.

‘ड्रायव्हर’ मुळात १९९९ चा, प्लेस्टेशनवरचा. रिफ्लेक्शन्स या ब्रिटिश कंपनीने तो बनवला आणि आयफोनवर आणला गेमलॉफ्टने. जॉन टॅनर हा आधी रेसिंग ड्रायव्हर, मग पोलीस. टोळीत शिरून तो मायामी, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गाडी पळवतो. ‘अंडरकव्हर’ २००८ चा, ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या कंपनीचा. त्यातलं ट्राय-सिटी बे हे शहर काल्पनिक आहे. तिथे तुम्हाला कामगिरी सोपवणारी अधिकारी मॅगी क्यू या अभिनेत्रीने साकारली आहे. कथेचे प्रसंग खऱ्या कलाकारांना घेऊन चित्रित केलेले, थोडे भडकच.

खरा फरक गाडी हातात घेतली की कळतो. मूळ ‘ड्रायव्हर’ सुरू होतो पार्किंगच्या तळघरात. टोळीवाले तुमची परीक्षा घेतात: साठ सेकंदांत हँडब्रेक टर्न, खांबांमधून नागमोडी गाडी काढणं, जागच्या जागी गिरकी, रिव्हर्समधून गर्रकन उलटं वळणं, सगळं करून दाखवायचं. कित्येकांचा गेम या तळघरातच संपला! पुढेही तोच खडूसपणा. पोलिसांदेखत सिग्नल तोडला किंवा वेग वाढवला, तरी ते मागे लागतात, कारण हा आपलाच माणूस आहे हे त्यांना ठाऊक नसतं. त्यात प्रत्येक धडकेबरोबर नुकसानीची पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की मिशन बोंबललं. गाड्या सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांसारख्या, वळणावर मागून सुटणाऱ्या. कंपन्यांची खरी नावं मात्र त्यांना नाहीत.

‘अंडरकव्हर’मध्ये पोर्शे, लॅम्बोर्गिनी अशा खऱ्या कंपन्यांच्या गाड्या. रेस जिंका, पैसे कमवा, नवी गाडी घ्या, तिला रंगवा, इंजिनची ताकद वाढवा. पोलीस इथेही मागे लागतात, पण तुम्ही स्वतः पोलीस आहात हे दोन व्हिडिओंच्या मधल्या वेळात विसरायलाच होतं. रेसिंगच्या नेहमीच्या गेमला गुप्त पोलिसाचं जाकीट चढवलंय, बस्स. खेळायला तो सोपा आणि झगमगीत, हे मान्य. तरी पकडलं जाण्याची धाकधूक ‘ड्रायव्हर’मध्येच जास्त.

नाव आठवत नसेल तर एवढंच आठवून पाहा: गाडीचा रंग आणि पार्ट बदलत बसला होतात का? बसला असाल, तर तो ‘अंडरकव्हर’.