अडीच हजार मीटरचे वळण

जपानच्या अतिवेगवान रेल्वेला आपण ‘बुलेट ट्रेन’ म्हणतो. जपानी लोक मात्र तिला ‘शिनकान्सेन’ म्हणतात आणि या शब्दाचा सरळ अर्थ ‘नवा मुख्य मार्ग’ असा आहे. म्हणजे हे नाव मुळात रुळांचे, गाडीला ते मागाहून चिकटले. तोक्यो ते ओसाका हा ५१५ किलोमीटरचा पहिला मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला, आणि तो कसा उभा राहिला हे पाहिले की नामकरण किती नेमके होते ते कळते.

जपानच्या जुन्या रुळांमधील अंतर अवघे १०६७ मिलिमीटर होते आणि डोंगर व समुद्र यांच्या मधून वाट काढत जाणाऱ्या त्या मार्गावर जलद गाडीलाही ओसाका गाठायला साडेसहा तास लागत. राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांनी या मार्गाची डागडुजी करत बसण्याऐवजी १४३५ मिलिमीटर रुंदीचा, एकही फाटक नसलेला स्वतंत्र मार्ग बांधण्याचा आग्रह धरला. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला आणि गाडी धावण्यापूर्वीच, १९६३ मध्ये, दोघांनाही पद सोडावे लागले. ताशी २१० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीने नोव्हेंबर १९६५ मध्ये हा प्रवास तीन तास दहा मिनिटांवर आणला.

या मार्गावरील तीव्र वळणांची त्रिज्या २५०० मीटर ठेवलेली आहे. जुन्या रेल्वेच्या मानाने हे वळण फारच सौम्य. तरीही पुढे तेच वेगाच्या आड आले. वळणावर प्रवाशाला बाहेरच्या बाजूस लोटणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग २१० वरून २७० वर नेला, म्हणजे सव्वापटीहून थोडा अधिक केला, तर हा जोर सुमारे १.६५ पट होतो. तो सोसता यावा म्हणून वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच बसवतात. पण ही उंची मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही, कारण एखादी गाडी वळणावरच थांबली तर ती आतल्या बाजूला कलून उभी राहणार. त्यामुळे सरळ मार्गावर २७० ने धावणाऱ्या गाड्यांना वळण आले की वेग उतरवावा लागे. २००७ मध्ये आलेल्या एन७०० गाडीने यावर तोडगा काढला: डब्याखालच्या हवेच्या स्प्रिंगांच्या साहाय्याने ती वळणावर स्वतःला आतल्या बाजूस केवळ एक अंश कलवते आणि वेग कायम राखते. तिच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी आखलेल्या एका वक्ररेषेची ही भरपाई आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

ओसाकाच्या पुढे, १९७५ मध्ये क्युशू बेटावरील हाकातापर्यंत पोहोचलेल्या सान्यो मार्गावर वळणांची किमान त्रिज्या ४००० मीटर धरण्यात आली. तिथे अडचण बोगद्यांची निघाली, कारण या मार्गाचा जवळजवळ निम्मा भाग बोगद्यांतून जातो. गाडी वेगाने आत शिरली की पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे पुढची हवा दाबते. दाबाची ही लाट ध्वनीच्या वेगाने दुसऱ्या तोंडाशी पोहोचते आणि तिथे तोफेसारखा आवाज होतो. पक्षिनिरीक्षणाची आवड असलेले अभियंते एइजी नाकात्सू यांना पाण्यात सूर मारताना फारसे पाणी न उडवणारा खंड्या आठवला. १९९७ मध्ये ताशी ३०० किलोमीटरने धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या गाडीचे सुमारे १५ मीटर लांबीचे निमुळते नाक त्या चोचीवरून बेतलेले आहे.

मुंबई ते अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग याच तंत्राने बांधला जात असून त्याचा सुमारे ७ किलोमीटर भाग ठाण्याच्या खाडीखालून जाणार आहे. गंमत अशी की तिथेही रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटरच आहे, तर आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजचे १६७६. जपानला नव्या मार्गासाठी रूळ रुंद करावे लागले. आपण अरुंद करत आहोत.