ब्लोअरमधला हवेचा अडथळा

किचन चिमणी, स्प्लिट एसी, गाडीचा एसी, व्हॅक्यूम क्लीनर, या सगळ्यांत ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा असतो आणि त्याची वाट अडली, म्हणजे फिल्टर चोंदला किंवा पाइप बारीक पडला किंवा बेंड जास्त झाले, की हवा कमी होते, आवाज बदलतो नि मोटर तापते.

इथे एक गैरसमज घट्ट बसलाय, की अडथळा आला म्हणजे मोटरवर लोड वाढतो. चिमणीतल्या पिंजऱ्यासारख्या गोल ब्लोअरमध्ये होतं बरोब्बर उलटं! हवाच कमी फेकायची म्हटल्यावर काम कमी, करंट कमी, आणि साधी मोटर हलकी होऊन जास्त स्पीडने फिरते. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर तळहात ठेवून बघा, सूर लगेच चढतो, तो मोटर दमल्याचा आवाज नसतो.

मग जळते कशी? तर बऱ्याच मोटरी ब्लोअरच्या आतच बसवलेल्या असतात आणि त्याच हवेवर थंड होतात, ती हवा तुटली, वर तेलाचा थर बसला की उष्णता कोंडते. थर्मल कटआउट, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच असेल तर मोटर मधेच बंद पडून थोड्या वेळाने परत चालू होते, नसेल तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळून जातं. पात्यांचा एक्झॉस्ट फॅन मात्र वेगळा, त्याला अडवलं तर लोड खरंच वाढतो. आणि हवा ठरावीकच ठेवायचं प्रोग्रॅमिंग असलेल्या मोटरी अडथळ्यात स्पीड वाढवतात, मग वीजही जास्त खातात.

आवाजाचं म्हणाल तर स्पीड दुप्पट झाला की साधारण 15 डेसिबल वाढतात. अरुंद फटीतून शिट्टी येते, अडथळा फारच असेल तर हवा पात्यांवरून सुटते आणि घुरघुर सुरू होते.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते चिमणीच्या पाइपात. 6 इंची तोंडाला 4 इंची पाइप जोडतात, त्याचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, तेवढीच हवा काढायची तर वेग सव्वादोन पट आणि पाइपातला विरोध साडेसात पट लागतो, मग फोडणीचा ठसका घरातच राहणार.

म्हणून मोटर बदलायच्या आधी फिल्टर धुवा, तरी सूर चढाच असेल तर पाइप काढून मिनिटभर चालवा, सूर उतरला तर दोष पाइपात आहे.