गेमचं मॅन्युअल आणि गेममधली हेल्प: विषय एक, कामं दोन

गेम पूर्ण होत आला की टीममध्ये प्रश्न निघतो: मॅन्युअल पीडीएफमध्ये द्यायचं की एचटीएमएलमध्ये? त्यावर तासभर वाद होतो, आणि वाद घालणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या डोक्यात मॅन्युअल असतं, उरलेल्यांच्या डोक्यात हेल्प. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. म्हणून फॉरमॅट निवडण्याआधी या दोन गोष्टी वेगळ्या करून घ्याव्या लागतात.

मॅन्युअल वाचणारा माणूस त्या वेळी खेळत नसतो. गेम डाउनलोड होतोय तोवर तो चाळतो, घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठी बघतो, किंवा विरार लोकलमध्ये फोनवर वाचतो. त्याच्याकडे वेळ असतो. गेमची रचना, नियम, पार्श्वभूमी असं सगळं क्रमाने आलेलं त्याला आवडतं. हेल्प उघडणारा मात्र अडकलेला असतो. गेम मागे थांबलेला आहे आणि त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. ते पटकन मिळालं नाही तर तो यूट्यूब उघडतो आणि तुमची हेल्प पुन्हा कधी उघडत नाही.

समजा, तुमचा गेम उपनगरी गाड्या चालवण्याचा आहे: जलद आणि धीमा मार्ग, १२ डब्यांच्या आणि १५ डब्यांच्या गाड्या. मॅन्युअलमध्ये ‘गाड्यांचे प्रकार’ हे प्रकरण येईल. १५ डब्यांच्या गाडीत प्रवासी जास्त मावतात, पण लांब फलाट असेल तिथेच ती थांबते. म्हणून फलाट वाढवायचा खर्च आधी करायचा की गाड्यांचा, हा गेममधला मुख्य पेच आहे, असं सगळं तिथे सविस्तर सांगता येईल. हेल्पमधल्या पानाचं नाव मात्र ‘माझी गाडी स्टेशनात का थांबत नाही?’ असंच हवं. खाली तीन ओळी पुरतात: गाडी १५ डब्यांची आणि फलाट १२ डब्यांचा असेल तर ती न थांबता पुढे जाते. फलाटावर क्लिक केलंत की लांबी दिसते. फलाट वाढवा, नाहीतर गाडी कारशेडला पाठवून डबे कमी करा. माहिती तीच आहे, पण मॅन्युअलचं प्रकरण हेल्पमध्ये जसंच्या तसं चिकटवलं तर अडकलेल्या माणसाला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत उत्तर सापडणार नाही.

मॅन्युअलसाठी पीडीएफ

क्रमाने वाचायच्या मजकुराला पीडीएफ चांगली चालते. एकच फाइल असते, ती कुणालाही पाठवता येते, इंटरनेट लागत नाही, पानं तुम्ही मांडलीत तशीच दिसतात. फक्त पानाचा आकार सवयीने ए४ ठेवू नका. ए४ची रुंदी २१० मिलिमीटर असते आणि उभ्या धरलेल्या फोनची साधारण ७०. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर फोनवर ४ पॉइंटचं होतं. ए५ घ्या, एकच कॉलम ठेवा, मजकूर १३-१४ पॉइंटचा ठेवा. ए५चा आणखी एक फायदा असा की कुणाला छापून हवं असेल तर झेरॉक्सच्या दुकानात ए४ कागदावर दोन्ही बाजूंनी काढून मधोमध पिन मारून पुस्तिका होते. त्यासाठी एकूण पानं चारच्या पटीत असायला हवीत; २२ पानं झाली तर शेवटी दोन कोरी जातील. तिथे बटणांचा तक्ता टाका.

पीडीएफची खरी अडचण मराठीत सुरू होते, आणि इंग्रजी मॅन्युअल करून सरावलेल्या माणसाला तिची कल्पनाच नसते. पीडीएफमध्ये मजकुरापेक्षा अक्षरांची चित्रं आणि त्यांच्या जागा महत्त्वाच्या असतात. ‘सिग्नल’ लिहिताना आपण आधी ‘स’ टाइप करतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पानावर मात्र वेलांटी आधी काढली जाते आणि ‘स’ नंतर. ‘ग्न’साठी फॉन्टमध्ये वेगळं जोडरूप असू शकतं. कुठलं चित्र म्हणजे कुठली अक्षरं हे सांगणारा तक्ता फाइलमध्ये नीट भरला गेला नाही, तर पान डोळ्यांना निर्दोष दिसतं, पण ‘सिग्नल’ शोधलं तर काहीच सापडत नाही. मजकूर कॉपी केला तर वेलांट्या भलत्याच अक्षराला लागलेल्या असतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. तयार पीडीएफ उघडा आणि ‘सिग्नल’, ‘स्थिती’, ‘दुसऱ्या’, ‘प्रवासी’, ‘क्षमता’ हे शब्द शोधा. मग एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. गडबड दिसली तर तोच मजकूर दुसऱ्या मार्गाने एक्स्पोर्ट करून बघा. वर्ड, लिबरऑफिस आणि ब्राउझरचं प्रिंट हे तिन्ही एकाच मजकुराच्या वेगवेगळ्या पीडीएफ बनवतात. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावल्याशिवाय जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसत नाहीत. आणि मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. तशा मजकुरात आत मराठी नसतंच; रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात.

शोध चालेल याची खात्री नसल्याने मराठी पीडीएफला अनुक्रमणिका चांगली हवी: प्रत्येक नोंदीवर क्लिक करून त्या पानावर जाता आलं पाहिजे आणि बाजूच्या पट्टीत बुकमार्क दिसले पाहिजेत.

याच कारणामुळे हेल्पसाठी आम्ही पीडीएफ सुचवत नाही. शिवाय गेममधून पीडीएफ उघडताना नेमकं पान उघडणं भरवशाचं नसतं. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडते, आणि पान सांगायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. खेळणाऱ्याला पहिलं पान दिसतं, आणि तिथून शोधत जायचं काम त्याच्या गळ्यात पडतं.

हेल्पसाठी एचटीएमएल

गेमच्या फोल्डरमध्ये एचटीएमएल पानं ठेवायची आणि एफ१ दाबलं की ब्राउझरमध्ये उघडायची, ही बहुतेक छोट्या टीमना परवडणारी व्यवस्था आहे. यात युनिकोड मजकूर जसाच्या तसा असतो, म्हणून शोध चालतो, आणि पान फोनवरही आपोआप बसतं. मात्र पानं गेमबरोबरच द्या. फक्त वेबसाइटवर ठेवलेली हेल्प नेट गेलं की जाते, आणि डोमेनचं नूतनीकरण राहिलं तर कायमचीच जाते.

पानाचं एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे सुरुवातीलाच जाहीर करा, आणि भाषेचा कोड ‘एमआर’ लिहा. तो लिहिला की मराठी रूपं असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्टही सोबत द्या. विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल सापडतो, पण लिनक्सवर देवनागरी फॉन्ट असेलच असं नाही, आणि मग सगळीकडे चौकोन दिसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत आणि गेमबरोबर वाटता येतात. शीर्षकं उठून दिसावीत म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवायची इंग्रजी सवय इथे सोडा, कारण त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीपेक्षा कमी नको. नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात.

आता नेमकं काय बिघडतं ते. पहिलं, हेल्पमध्ये शोधपेटी बनवली आणि शोधाची यादी वेगळ्या जेसन फाइलमध्ये ठेवली, तर सर्व्हरवर ती उत्तम चालते, पण खेळणाऱ्याच्या डिस्कवरून उघडल्यावर बंद पडते. डिस्कवरचं पान दुसरी फाइल अशा प्रकारे वाचू शकत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही सुरक्षेसाठी ते अडवतात. ती यादी जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये एका व्हेरिएबलमध्ये घाला आणि नेहमीच्या स्क्रिप्ट टॅगने जोडा, म्हणजे अडचण सुटते. दुसरं, विंडोजला ‘हे पान उघड आणि त्यातल्या या भागावर जा’ असं गेममधून सांगितलं, तर पत्त्यातला हॅशनंतरचा भाग (पानातली नेमकी जागा सांगणारा) बऱ्याचदा वाटेतच गळतो आणि पान वरूनच उघडतं. म्हणून गेममधून ज्या विषयांवर थेट जायचंय, त्यांच्या वेगळ्या छोट्या फाइली करा. तिसरं, फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल विंडोजवर सारखंच धरलं जातं, लिनक्सवर नाही. चित्रांची नावं सगळी स्मॉलमध्ये ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

मराठी शोधासाठी आणखी थोडी मेहनत घ्यावी लागते. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ निदान तीन प्रकारे साठवलेला सापडतो: एकच ‘ऱ’ अक्षर, ‘र’ला नुक्ता, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसायला तिन्ही सारखे, संगणकाला तिन्ही वेगळे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण पहिले दोन एक करतं. तिसऱ्यासाठी बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. हे मजकुरावरही करा आणि शोधपेटीत आलेल्या शब्दावरही. शिवाय गेम खेळताना कीबोर्ड सहसा इंग्रजीत असतो. खेळणारा ‘फलाट’ देवनागरीत टाइप करायला थांबणार नाही. तो रोमन अक्षरांत ‘फलाट’ किंवा ‘प्लॅटफॉर्म’ टाकेल. म्हणून प्रत्येक पानाला रोमन लिपीतले पाच-सहा शब्द जोडून ठेवा: मराठी उच्चाराचे, इंग्रजी, आणि लोक ज्या चुकीच्या स्पेलिंगने लिहितात तेही. एवढ्या एका कामाने हेल्पचा उपयोग जितका वाढतो, तितका सजावटीवर कितीही वेळ घालवून वाढत नाही.

सीएचएमचं काय?

‘हेल्प सीएचएममध्ये करा’ हा सल्ला विंडोजसाठी गेम करणाऱ्यांना अजून मिळतो. १९९७ पासून मायक्रोसॉफ्टचा हा हेल्प फॉरमॅट आहे: सगळी पानं, अनुक्रमणिका आणि शोध एकाच दाबलेल्या फाइलमध्ये. इंग्रजी हेल्पसाठी तो एके काळी फार सोयीचा होता. पण मराठीला तो नको. त्याची अनुक्रमणिका आणि शोध युनिकोडच्या आधीच्या कोड पेजवर, म्हणजे भाषेगणिक वेगळ्या अक्षरतक्त्यांवर, चालतात, आणि विंडोजमध्ये मराठी किंवा हिंदीसाठी तसं कोड पेजच नाही; या भाषा तिथे सुरुवातीपासून फक्त युनिकोडमधून आल्या. त्यामुळे उजवीकडचं पान बरोबर दिसतं आणि डावीकडच्या यादीत प्रश्नचिन्हं येतात. याखेरीज, इंटरनेटवरून आलेली सीएचएम विंडोज अडवतो आणि पानं कोरी दिसतात. खेळणाऱ्याने फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक केलं तरच ती उघडते. २००५च्या सुरक्षा अपडेटनंतर नेटवर्कवरच्या फोल्डरमधूनही ती नीट उघडत नाही. लिनक्स आणि मॅकवर ती वाचायला वेगळा प्रोग्रॅम लागतो.

गेमच्या आतली हेल्प

स्क्रीन न सोडता उत्तर मिळणं सगळ्यात चांगलं, आणि एक गोष्ट फक्त इथेच जमते: खेळणाऱ्याने बटणं बदलली असतील तर हेल्प त्याची बटणं दाखवू शकते. छापील मजकुरात ‘ब्रेकसाठी स्पेस दाबा’ हे वाक्य बटण बदलताच खोटं ठरतं. म्हणून मॅन्युअलमध्ये क्रियेचं नाव आधी आणि मूळ बटण नंतर लिहावं. गेममधल्या मजकुरात बटणाच्या जागी खूण ठेवून ती खेळताना भरावी.

पण आधी गेम इंजिनाला, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनवता त्याला, देवनागरी जुळवता येते का ते बघा. युनिटीच्या टेक्स्टमेश प्रोमध्ये अक्षरजुळणी होत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी होतात. तिथे वेगळं प्लगइन लागतं. २०२३मध्ये आलेल्या गोडो ४मध्ये हार्फबझ ही अक्षरजुळणी करणारी लायब्ररी आत आहे, त्यामुळे मराठी सरळ बसतं. अनरीअललाही अडचण येत नाही. ‘स्थितीनिश्चिती’ हा एक शब्द स्क्रीनवर टाकून बघितलात की काय ते लगेच कळतं.

अक्षराच्या आकाराबद्दल: स्टीम डेकच्या १२८० बाय ८००च्या पडद्यावर कुठलंही अक्षर ९ पिक्सेलपेक्षा कमी उंचीचं नसावं अशी तो बनवणाऱ्या व्हाल्व्ह कंपनीची अपेक्षा आहे. तो हिशोब रोमन अक्षरांना पुरतो. ‘र्कू’सारख्या अक्षरात वर रफार आणि खाली दीर्घ उकार बसवायचा असतो, म्हणून आमच्या मते मुळाक्षरच १४ पिक्सेलचं हवं, आणि ओळीला वरखाली जागा सोडलेली हवी.

दोन्ही एकाच ठिकाणून

मॅन्युअल आणि हेल्प वेगवेगळे लिहिले की दुसऱ्या अपडेटपर्यंत त्यांच्यात विसंगती येते. म्हणून मजकूर छोट्या मार्कडाउन फाइलींमध्ये (साधा मजकूर आणि शीर्षकं वगैरेंसाठी सोप्या खुणा) ठेवा, एक विषय एक फाइल. प्रत्येकीला रोमन अक्षरांतलं एक कायमचं ओळखनाव द्या आणि ते कधी बदलू नका, कारण गेममधला एफ१ त्याच नावाने पान मागतो. शीर्षक हवं तेव्हा बदला. पॅनडॉक या फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रॅमने याच फाइलींची एचटीएमएल पानं होतात, आणि मॅन्युअलच्या प्रकरणांची पीडीएफ झीलाटेक या पानं जुळवणाऱ्या इंजिनामार्फत निघते. पॅनडॉक एरवी वापरतो त्या साध्या पीडीएफलाटेकला देवनागरी फॉन्ट पेलत नाही. इंजिन बदलायचं आणि फॉन्टचं नाव द्यायचं विसरलात तर तो चुका दाखवून थांबेल. हेल्पमधले प्रश्न मॅन्युअलच्या शेवटी ‘अडचणी’ या प्रकरणात आपोआप जोडले जातील अशी सोय करा, म्हणजे लोकलमध्ये वाचणाऱ्यालाही ते दिसतील.

वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तर हेल्प करा: पंचवीस-तीस प्रश्न, एकाच लांब एचटीएमएल पानावर, वर प्रश्नांची यादी. अशा पानाला शोधपेटीही लागत नाही, ब्राउझरचा कंट्रोल-एफ पुरतो; फक्त रोमन शब्द प्रत्येक प्रश्नाखाली बारीक पण दिसणाऱ्या अक्षरांत असू द्या, कारण लपवलेला मजकूर कंट्रोल-एफला सापडत नाही. आणि पानाच्या माथ्यावर गेमची आवृत्ती लिहा. जुनी आवृत्ती खेळणारा नव्या फलाटाचं बटण शोधत बसला, तर निदान ते आपल्याकडे का नाही हे त्याला कळेल.