क्विक-चेंज स्क्रू ड्रायव्हर बिट

क्विक-चेंज बिट म्हणजे षट्कोनी दांड्याचे, पोलादी, झटपट बदलता येणारे स्क्रू ड्रायव्हरचे टोक. मूठ किंवा मशीन एकच ठेवायचे आणि समोर जसा स्क्रू येईल तसे टोक बदलायचे, अशी ही रचना आहे. होल्डरची (बिट धरणाऱ्या नळीची) कॉलर, म्हणजे बाहेरची सरकती कडी, ओढली की आतले बिट सुटते. नवे बिट आत सरकवून कॉलर सोडली की आतली बारीक गोळी दांड्याच्या खोबणीत बसते आणि बिट धरून ठेवते. चक (मशीनचा बिट पकडणारा भाग) आवळायची किल्ली लागत नाही. सुतार, फॅब्रिकेटर, जिप्सम बोर्ड लावणारे आणि फर्निचर जोडणारे यांचा दिवस या टोकांवर चालतो. घरात कपाटाची बिजागरी आवळायलाही तीच लागतात.

बिट निवडताना बहुतेक जण डब्यात नग किती आहेत ते पाहतात. खरे पाहायचे ते हे, की टोक स्क्रूच्या डोक्यात पुरते बसते का आणि दांडा होल्डरमध्ये पक्का अडकतो का. पोलादाची जात त्यानंतर येते आणि नगांची संख्या सर्वांत शेवटी. साठ नगांच्या डब्यातली दहा-बारा बिटेच खरी वापरली जातात. ती हलक्या पोलादाची निघाली तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

दांडा आणि खोबण

दांड्याचे सर्वाधिक चालणारे माप पाव इंच, म्हणजे कारागिरांच्या बोलीत दोन सूत. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले हे अंतर ६.३५ मिमी भरते. मानकांत ते ६.३ असे लिहितात. आयएसओ ११७३ या आंतरराष्ट्रीय मानकात या दांड्याचे वेगवेगळे प्रकार ठरवून दिले आहेत. त्यांतले दोन रोजच्या कामाचे. ‘सी’ प्रकार म्हणजे साधारण २५ मिमी लांबीचे आखूड बिट. त्याला गोल खोबण नसते, दांड्याच्या कडांवर फक्त बारीक खाचा असतात, आणि ते चुंबकाने किंवा तारेच्या रिंगने धरले जाते. ‘ई’ प्रकार ५० मिमी किंवा त्याहून लांब असतो आणि त्याच्या दांड्याभोवती ठळक गोल खोबण असते. झटपट बदलाच्या चकमध्ये गोळी अडकते ती या खोबणीत. म्हणून आखूड बिट थेट इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या (ठोके देत स्क्रू फिरवणाऱ्या मशीनच्या) चकमध्ये घातले तर ते अडकत नाही, मशीन खाली वळवताच गळून पडते. त्याला मध्ये बिट होल्डर लागतोच.

आणखी एक बारकावा दुकानात सहसा कुणी सांगत नाही. दांड्याच्या मागच्या टोकापासून खोबण किती अंतरावर आहे, याच्या दोन पद्धती आहेत: एकीत हे अंतर सुमारे ९ मिमी असते, दुसरीत त्याहून जास्त. काही इम्पॅक्ट ड्रायव्हरचे छिद्र खोल असते. त्यात जवळच्या खोबणीचे बिट घातले की गोळी खोबणीपर्यंत पोहोचत नाही. अशा मशीनसाठी छिद्राच्या तळाशी घालायचा एक छोटा तुकडा मिळतो. तो घातला की बिट नीट अडकते. नवे बिट मशीनमध्ये टिकत नसेल तर मशीनला दोष देण्याआधी माहितीपत्रकातले खोबणीचे माप पाहावे.

मोबाइल, घड्याळे, लॅपटॉप यांसाठी ४ मिमी दांड्याची सूक्ष्म बिटे असतात. जाड बोल्टच्या अवजड कामाला ५/१६ आणि ७/१६ इंची दांडे वापरतात, पण त्यांची चक वेगळी.

टोक आणि स्क्रूचे डोके

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, कारण एकमेकांसारखी दिसणारी पण वेगळी असलेली दोन टोके बहुतेकांना एकच वाटतात. बोलण्यात ज्याला ‘स्टार’ किंवा ‘प्लस’ म्हणतात ते फुलीचे टोक फिलिप्सही असू शकते आणि पोझीड्राइव्हही. फिलिप्स प्रकार अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या हेन्री एफ. फिलिप्स यांनी पुढे आणला. त्यांना १९३६ मध्ये पेटंट मिळाली आणि मोटार उद्योगाने तो लगेच उचलला. या टोकाच्या पाकळ्या खाली निमुळत्या होत जातात. त्यामुळे पिळणारा जोर वाढला की टोक आपोआप वर ढकलले जाते आणि खाचेतून उसळते. ते आत ठेवायचे तर मागून दाब द्यावा लागतो. दाब कमी पडला की टोक खाचेच्या कडा खरवडते. दोन-तीनदा तसे झाले की स्क्रूचे डोके गेले म्हणून समजा.

पोझीड्राइव्ह १९६० च्या दशकात हाच दोष कमी करण्यासाठी आला. याच्या पाकळ्यांच्या बाजू जवळजवळ समांतर असतात आणि मोठ्या चार पाकळ्यांच्या मध्ये चार बारीक कडा असतात. ओळखायची खूण स्क्रूच्या डोक्यावरच दिसते: फुलीच्या चार हातांमध्ये, ४५ अंशांवर, चार बारीक रेघा कोरलेल्या असतात. रेघा दिसल्या की पीझेड (पोझीड्राइव्ह), नसतील तर पीएच (फिलिप्स). फिलिप्सचे बिट पोझीड्राइव्ह स्क्रूत बसल्यासारखे वाटते, पण आत सैल असते आणि जोर लागताच डोके खाते. उलट पोझीड्राइव्हचे बिट फिलिप्स स्क्रूत पूर्ण खाली जातच नाही, त्याच्या बारीक कडा आड येतात. दोन्ही अदलाबदली टाळाव्यात. रेडीमेड फर्निचरच्या जोडणीत आणि चिपबोर्डच्या स्क्रूंत पोझीड्राइव्ह बराच दिसतो. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू मात्र बहुधा फिलिप्सच असतात.

दोन्हींत २ क्रमांकाचे टोक सर्वांत जास्त लागते. लाकडाच्या साधारण ३.५ ते ५ मिमी जाडीच्या स्क्रूला २ क्रमांक, त्याहून बारीक असेल तर १, आणि ६ मिमी किंवा जाड असेल तर ३. शंका असेल तेव्हा मोठ्या क्रमांकापासून सुरुवात करावी. मोठे टोक आत जात नाही हे लगेच कळते. लहान टोक मात्र आत जाते, फिरतेही, आणि डोके खराब झाल्यावरच चूक उघड होते. तपासायला सोपी रीत: स्क्रू बिटाच्या टोकावर बसवून बोटाने आडवा हलवून पाहावा. तो डुगडुगला नाही तर जोडी जमली.

जपानी मोटरसायकली, कॅमेरे आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंतली फुली आणखी थोडी वेगळी, जेआयएस या जपानी औद्योगिक मानकाची असते. तिच्यात फिलिप्सचे टोक तळाला टेकते पण बाजूंना भिडत नाही. इंजिनाच्या झाकणांचे स्क्रू ‘नेहमीच स्लिप होतात’ अशी तक्रार असते, तिचे मूळ बरेचदा हेच असते. अशा कामासाठी जेआयएसची एक-दोन बिटे वेगळी ठेवणे फायद्याचे ठरते. ती फिलिप्स स्क्रूतही चांगली चालतात.

सहा पाकळ्यांचे टॉर्क्स हे टोक १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅमकार टेक्स्ट्रॉन कंपनीने विकसित केले. त्याच्या भिंती जवळजवळ उभ्या असल्यामुळे टोक वर उसळत नाही आणि मागून फार दाबावे लागत नाही. अ‍ॅलन म्हणजे षट्कोनी टोकात जोर कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे गोल होतात. टॉर्क्समध्ये तो पाकळ्यांच्या बाजूंवर पसरतो. लाकडाच्या चांगल्या स्क्रूंचा कल आता याच टोकाकडे आहे. निवड आपल्या हाती असेल तर स्क्रूच टॉर्क्स डोक्याचे घ्यावेत, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. बिट आणि स्क्रू दोन्ही जास्त टिकतात. टॉर्क्सची मापे ‘टी’ क्रमांकाने सांगतात: ४ मिमी स्क्रूला बहुधा टी२०, ५ मिमीला टी२५ आणि ६ मिमीला टी३० लागते. टी२७ च्या खाचेत टी२५ जाते, पण ते सैल असते. खाचेत रंग किंवा सिमेंट भरलेले असेल तर आधी टोकदार वस्तूने ते उकरून काढावे, नाहीतर बिट वरवर धरते.

अ‍ॅलन टोकात मिलिमीटर आणि इंच यांची गल्लत होते. ५/३२ इंच म्हणजे ३.९७ मिमी, त्यामुळे ४ मिमीच्या खाचेत ते निभावते. १/८ इंच मात्र ३.१८ मिमी भरते, तेव्हा त्या खाचेत ३ मिमीचे बिट लावले की ते फिरून कोपरे गोल करते. सरळ उभ्या डोक्याच्या अ‍ॅलन बोल्टला एम५ (५ मिमी जाडीचा बोल्ट) साठी ४, एम६ साठी ५ आणि एम८ साठी ६ मिमीचे टोक लागते. कॅनडात १९०८ च्या सुमारास पी. एल. रॉबर्टसन यांनी आणलेला चौकोनी प्रकार तिथे अजून सर्रास चालतो. चपट्या खाचेच्या स्क्रूला मशीन लावू नये: टोकाला मध्यावर धरणारे तिथे काहीच नसते आणि ते बाजूला घसरून लाकूड किंवा बोट फाडते.

कठीण की चिवट

बिटे बहुतेक क्रोम-व्हॅनेडियम किंवा एस२ जातीच्या पोलादाची असतात. एस२ हे धक्के सोसणारे हत्यारी पोलाद आहे आणि मशीनच्या बिटांसाठी तेच जास्त पसंत केले जाते. पण पोलादाच्या नावापेक्षा त्याला दिलेले पाणी, म्हणजे तापवून थंड करून आणलेला कठीणपणा, महत्त्वाचे. फार कठीण केलेले टोक झिजत नाही, पण ठिसूळ होते आणि मोडते. मऊ टोक मोडत नाही, पण पिळवटते.

कोणते घ्यावे हे जोड कसा आहे यावर ठरते. लाकडात स्क्रू शिरताना जोर हळूहळू वाढतो. तिथे कठीण टोक चालते आणि जास्त दिवस पुरते. पत्र्यावर किंवा लोखंडावर मात्र डोके टेकताच जोर एकदम उसळी घेतो. तिथे चिवट टोक हवे. इम्पॅक्ट ड्रायव्हर आतल्या हातोडीने मिनिटाला हजारो ठोके देतो. त्याच्या बिटांत दांड्याचा मधला भाग मुद्दाम बारीक केलेला असतो. ठोका बसला की हा भाग किंचित पिळतो आणि लगेच मूळ स्थितीत येतो, त्यामुळे टोकावरचा धक्का कमी होतो. साधे कठीण बिट इम्पॅक्टमध्ये लावले की टोक तुटून उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावाच. इम्पॅक्टसाठीचे बिट साध्या ड्रिल ड्रायव्हरमध्ये खुशाल वापरता येते, पण उलटी अदलाबदल करू नये.

सोनेरी रंगाच्या टायटॅनियम नायट्राइडच्या थराने झीज कमी होते, पण चुकीच्या मापावर तो उपाय नाही. टोकावर हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतील तर ते स्क्रूच्या खाचेत रुतून घसरण कमी करतात. अर्धवट खराब झालेला स्क्रू काढताना असे बिट कामी येते. स्टेनलेस स्क्रूंसाठी स्टेनलेसचीच बिटे मिळतात. साध्या पोलादाचे कण डोक्यात राहिले तर पुढे त्यांच्या गंजाचे डाग स्क्रूवर दिसतात.

लांबी आणि होल्डर

आखूड बिट होल्डरमध्ये बसवले की एक जोड वाढतो आणि टोक थोडे भिरभिरते. एकसंध ५० मिमी बिट सरळ फिरते, म्हणून दिवसभराच्या कामाला तेच बरे. बिजागरीच्या आडोशाला किंवा खोल खणात ७५ ते १५० मिमी लागतात, पण लांबी वाढेल तसे टोक जास्त डोलते. चुंबकी होल्डर स्क्रू धरून ठेवतो ही मोठी सोय आहे, फक्त पत्र्याच्या कामात चुंबकावर लोखंडाचा कीस साचतो आणि स्क्रू पुरता आत बसत नाही. छताच्या पत्र्याच्या षट्कोनी डोक्याच्या स्क्रूंसाठीही हेच लक्षात ठेवावे: ५.५ मिमीच्या सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूला ८ मिमीचा नट सेटर (षट्कोनी डोके पकडणारे पोकळ टोक) आणि ६.३ मिमीला १० मिमीचा लागतो, आणि त्याचा तळ अधूनमधून पुसावा लागतो. जिप्सम बोर्डसाठी कॉलर असलेले पीएच२ बिट घ्यावे. डोके कागदाच्या किंचित खाली जाताच कॉलर बोर्डला टेकते, बिट स्क्रूतून सुटते आणि कागद फाटत नाही.

घरासाठी पीएच१, पीएच२, पीझेड१, पीझेड२, टी१० ते टी३०, ३ ते ६ मिमी अ‍ॅलन, एक चपटे टोक आणि एक चांगला होल्डर एवढे पुष्कळ. धंद्यावर काम करणाऱ्याने उलटा विचार करावा: आपल्या स्क्रूला लागणारे एकच टोक दहा-वीस नगांच्या पाकिटात घ्यावे आणि झिजले की टाकून द्यावे.

झीज डोळ्यांना दिसते. फिलिप्सच्या टोकाशी पाकळ्यांच्या कडा चकाकू लागतात, मग गोल होतात; टॉर्क्सच्या पाकळ्या पिळवटून तिरक्या दिसतात. असे बिट ग्राइंडरवर घासून धार लावण्याच्या फंदात पडू नये. घासताना पोलाद तापते, निळसर रंग चढला की पाणी उतरते, आणि टोक पहिल्याच स्क्रूत वाकते. एका बिटाच्या किमतीसाठी स्क्रूचे डोके घालवले तर तो स्क्रू काढायला पुढे ड्रिल चालवावे लागते.

विजेच्या कामात हे बिट वापरू नये. दांडा, टोक आणि होल्डर सगळे उघडे धातू असते, आणि मूठ प्लास्टिकची असली तरी त्यामुळे संरक्षण मिळत नाही. चालू लाइनजवळच्या कामासाठी आयईसी ६०९०० मानकाची, १००० व्होल्टची खूण असलेली, टोकापर्यंत आवरण दिलेली पाती वेगळी मिळतात. त्यांतही पाते बदलता येणारे संच आहेत, पण त्यांच्या मुठीत साधे षट्कोनी बिट बसवले की ती खूण निरर्थक होते.